पश्चिमेस काशीबाई

कल्याणच्या चाळीत आमची खोली शेवटची आणि तिच्यापुढे गॅलरीच्या पार टोकाला संडास. म्हणजे मजल्यावरची अठरा बिऱ्हाडं दिवसातून दोन-तीनदा बादली घेऊन आमच्या दारावरून जायची, आणि जाता जाता आमच्या ताटात काय आहे ते बघून जायची. "आज परत वांगं?" असं कुणी विचारलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. सत्तावीस वर्षं मी तो जाच काढला. म्हणून जागा घ्यायची ठरली तेव्हा मी दत्ताला एकच अट घातली. घर लहान असू दे, पण आपल्या अंगणातून कुणाची वाट नको. चारी बाजूंनी बंद हवं. फाटक उघडलं तर मी उघडीन.

दत्ता म्हणजे दत्तप्रसाद, माझा नवरा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आणि तो तिथेच रिपोर्ट टाइप करायचा, तिथेच आमचं जमलं. तो मूळचा कुडाळकडचा. निवृत्तीनंतर खाडीकाठी राहायचं हे त्याच्या डोक्यात लग्नाआधीपासून होतं. मालवणच्या कडेला कांदळवाडीत हरिश्चंद्रकाकांची आठ गुंठे जागा विकायची आहे असं कळलं आणि आम्ही बघायला गेलो. गावच्या नळाची शेवटची तोटी, तिच्यापुढे अरुंद डांबरी रस्ता, रस्ता संपतो तिथे ही जागा. अकरा माड, एक फणस, आणि पश्चिमेला पाच चिऱ्याच्या पायऱ्या थेट खाडीत उतरलेल्या. भरतीला पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत येतं. पलीकडच्या काठाला नुसती कांदळाची झाडं, माणूस नाही. मला जागा एका क्षणात आवडली.

व्यवहाराआधी सरकारी मोजणी करून घ्या, असं आमचे वकील प्रीतम म्हणाले. मोजणीला लगतच्या सगळ्या जमीनधारकांना नोटीस जाते. ऑफिसातल्या क्लार्कने कागद बघून नावं वाचली. "पूर्वेस ग्रामपंचायतीचा रस्ता. उत्तरेस हरिश्चंद्र यांचे चुलतभाऊ. दक्षिणेस देवस्थान. पश्चिमेस काशीबाई."

"पश्चिमेस खाडी आहे," मी म्हटलं.

"खाडी नंतर, मॅडम. आधी काशीबाईंचा तुकडा."

"अहो, तो तुकडा पाण्यात आहे. मी डोळ्यांनी बघून आलेय."

"पाण्यात गेला म्हणून सातबाऱ्यावरून जात नाही." तो माणूस उद्धट नव्हता, हेच जास्त चीड आणणारं होतं. त्याने शांतपणे चौथ्या पाकिटावर पत्ता लिहिला.

मी हरिश्चंद्रकाकांना विचारलं. ते पडवीत सुपाऱ्या सोलत बसले होते. "ती जागा नदीन खाल्ल्यान," ते म्हणाले, "माझ्या आज्याच्या वेळार."

"मग काशीबाई कोण? असत्या तर आज सव्वाशे वर्षांच्या झाल्या असत्या!"

काकांनी सुपारी खाली ठेवली. "तुमी नोटीस धाडा, वैनीनू. तिका बोलवक होया. नाय बोलवल्यात तर तिका वायट वाटतला." त्यानंतर ते माडांवरच्या रोगाबद्दल बोलायला लागले. मी कपाळाला हात लावला.

बारा दिवसांनी क्लार्कने फाइल उघडून दाखवली. चारही पोचपावत्या सह्यांसकट परत आल्या होत्या. चौथीवर निळ्या शाईत "काशीबाई" लिहिलेलं. गोल गोल, पाटीवर गिरवल्यासारखी अक्षरं, 'शी'ची वेलांटी लांब ओढलेली. मी कार्ड उजेडात धरलं, वास घेतला. कागद साधा, कोरडा. आयुष्यभर नमुने तपासलेत, त्यामुळे उगाच काहीतरी दिसलं म्हणून सांगणार नाही. एका माणसाने केलेली ती एक सही होती, एवढंच.

मी पोस्टमन दाजींना नळाजवळ गाठलं. साठीच्या आतबाहेरचे, सायकलवर टपाल वाटणारे. "दाजी, काशीबाईंचं पाकीट कुणाला दिलंत?"

"काशीबायक."

"कुठे?"

"तिच्या घराक." त्यांनी सायकलचा ब्रेक उगाच दाबून बघितला. "माझो बापूस पोस्टात होतो. तो पण तिका थंयच देय."

"पण घर आहे कुठे, दाजी? मला दाखवा ना!"

ते माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघत राहिले. मग "टपाल उशीर जाता" म्हणून पॅडल मारून निघून गेले. मला वाटलं, कुणीतरी आम्हाला मुंबईकर समजून मस्तपैकी बनवतंय. पाण्यातली जमीन वर काढून भाव वाढवायचा असेल. मला या विचाराने उलट बरंच वाटलं, कारण लबाडीशी मला भांडता येतं.

मोजणी फेब्रुवारीत झाली, सकाळी अकराला. सुकती होती, पाचही पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. मोजणीदाराने तिकाटण्यावर यंत्र लावलं आणि घड्याळ बघितलं. "काशीबाई यायच्यात ना? थांबू पाच मिनिटं." हरिश्चंद्रकाकांनी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मी सगळ्यांना कोकम सरबत दिलं आणि सावलीत उभी राहिले. यंत्र फिरलं, खुणा घातल्या गेल्या, सगळं नीट चाललं होतं. मग मोजणीदार कागद घेऊन पश्चिमेकडच्या रिकाम्या खुर्चीसमोर वाकला आणि आवाज चढवून म्हणाला, "आजी, इथं करा सही. हां. आणि तुमचं म्हणणं काय ते सांगा, मी लिहून घेतो."

मी खुर्चीपासून चार पावलांवर होते. खुर्ची रिकामी होती. मोजणीदार मात्र मान हलवत लिहीत होता, मध्येच "सावकाश सांगा" म्हणत होता. काका अदबीने उभे होते. देवस्थानचे गृहस्थ टोपी काढून उभे होते.

कागद माझ्या हातात आला तेव्हा त्यावर तीच गोल सही होती, आणि खाली हरकत. खाडीच्या पायऱ्यांपासून रस्त्यापर्यंत तीन फुटी पायवाट पूर्वापार वहिवाटीची, ती बंद करू नये. नकाशावर मोजणीदाराने तुटक रेषा काढली होती. ती बरोब्बर जागेच्या मधून, जिथे माझा ओटा आणि माझी न्हाणी येणार होती तिथून जात होती.

"ही सही कुणी केली?" मी विचारलं.

"त्यांनीच की. आत्ता गेल्या ना."

मी दत्ताकडे वळले. "तू बघितलंस कुणाला?"

दत्ता गोंधळला. "बघितलं म्हणजे... एक म्हातारी होती ना? निळ्या लुगड्यातली? मी नीट लक्ष नाही दिलं गं."

शप्पथ सांगते, त्या क्षणी मला भीती वगैरे काही वाटली नाही. राग आला. सत्तावीस वर्षं लोकांच्या बादल्या दारावरून गेल्या, चाळीतली खोली विकून टाकली, भाड्याच्या खोलीत सामान बांधून बसलोय, आणि आता परत कुणाची तरी वाट माझ्या स्वयंपाकघरातून! मी तिथेच सगळ्यांसमोर रडले. हरिश्चंद्रकाका जवळ आले. "तीन फूट वाट सोडा, वैनीनू. तिचो कोणाक तरास नाय. जाता आणि येता. माझ्या आयशीन कधी तिका अडवल्यान नाय."

"तेच तर नकोय मला, काका!" मी ओरडले.

प्रीतम वकिलांनी तोड काढली. तरुण माणूस, हुशार, कुठल्याच गोष्टीचं नवल न वाटणारा. "प्रतिज्ञापत्र करा. पश्चिमेला घर नाही, माणूस नाही, वाट नाही, फक्त पाणी आहे असं शपथेवर लिहून द्या. मग हरकत घेणाऱ्या बाईला पंधरा दिवसांत येऊन सिद्ध करावं लागेल की ती आहे."

"आणि आली तर?"

"कुठून येणार?" ते हसले. मीही हसले. खूप दिवसांनी कुणीतरी सरळ बोलत होतं.

हरिश्चंद्रकाकांनी त्यावर सही करायला साफ नकार दिला. "जागा देतंय, खत करून देतंय, पण ह्यां माका जमाचा नाय. शेजारीण ती. आसलेल्या माणसाक नाय कसा म्हणू?" दत्ताही म्हणाला, "सारिका, सोड ना तीन फूट. काय बिघडतंय?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. जागा माझ्या नावावर होणार होती, तेव्हा माझी एकटीची सही चालणार होती. मी केली. पश्चिमेस कोणीही राहत नाही व कधीही राहत नव्हते, घर नाही, वाट नाही, केवळ नदीपात्र आहे, हे मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते. माझी सही मला त्या दिवशी फार ठसठशीत वाटली.

पंधरा दिवसांत कुणी आलं नाही. हरकत निकाली निघाली. पावसाळा संपता संपता घर उभं राहिलं, दोन खोल्या, ओटा, न्हाणी. भोवती पाच फूट उंच चिऱ्याची भिंत, चारी बाजूंनी सलग. पायऱ्या भिंतीच्या पलीकडे गेल्या. पूर्वेला पिवळंधमक फाटक. पहिले आठ दिवस मी दार सताड उघडं टाकून जेवले. समोर नुसतं पिवळं फाटक आणि माडाची सावली. कुणी म्हणजे कुणी गेलं नाही. सुख म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं.

गॅसवाल्यापासून सुरुवात झाली. सिलिंडर येईना. फोन केला तर म्हणाला, "दोनदा येवन गेलंय, घर गावला नाय." पिवळं फाटक म्हटलं तर म्हणे, "थंय खंयचा फाटक? थंय पाणी आसा." मी त्याला वाट्टेल ते बोलले. मग कुरिअरवाला, मग मीटर वाचायला येणारा. सगळ्यांचं एकच. शेवटच्या नळापर्यंत यायचे आणि परत जायचे. मी लाल रंगात नाव लिहून पाटी लावली, रस्त्याच्या तोंडाशी बाण काढला. गावात गेले की सगळे मला ओळखायचे, कोळणी हाका मारायच्या, दुकानदार गप्पा मारायचे. घर कुठे घेतलंत असं मात्र प्रत्येक वेळी नव्याने विचारायचे.

नाताळात माझी बहीण भक्ती पुण्याहून गाडीने आली. तिचा फोन आला, "ताई, नकाशा नदीत घेऊन जातोय गं. रस्ता संपला." मी फाटकात येऊन उभी राहिले. ती गाडीला टेकून उभी होती, माझ्यापासून वीस पावलांवर. मी हात हलवला. तिने तोंड माझ्याच दिशेने केलं होतं, पण डोळे माझ्या पलीकडे लांब कुठेतरी लागले होते. "किती छान पाणी आहे इथे," ती फोनवर म्हणाली.

मी धावत जाऊन तिचा हात धरला तेव्हा ती दचकली. "कुठून आलीस?" हात धरून आणल्यावर तिला घर दिसलं, चहा प्यायली, भिंतीचं कौतुक केलं. पण रात्री राहायला नको म्हणाली. खोलीत दमट वाटतंय, म्हणाली. माझ्या घरात तेव्हा भिंतीचा चुनाही सुकून खडखडीत झाला होता.

जानेवारीत दत्ताचा फोन आला. तो सकाळी मासळी आणायला गेला होता. "सारिका, मी नळापाशी उभा आहे. मोठं उधाण आलंय, पाणी रस्त्यावर आहे. घरापर्यंत येता येत नाहीये."

मी फाटकातून बघितलं. रस्ता लख्ख कोरडा होता. दत्ता पिशवी धरून उन्हात उभा होता, आणि पाय भिजू नयेत म्हणून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घेत होता.

तेव्हा मात्र मी अनवाणीच नळाकडे धावले.

मी त्याला हाताला धरून आणायला लागले. दिवसातून एकदा, मग दोनदा. मग तो हरिश्चंद्रकाकांच्या पडवीतच बसून राहायला लागला. "इथे बरं वाटतं गं," म्हणायचा, "माणसं येतात-जातात." घरी आणलं की तो पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसायचा. एकदा उठताना "येतो मग" म्हणाला.

मी प्रीतम वकिलांकडे गेले. प्रतिज्ञापत्र मागे घ्यायचंय म्हटलं. ते म्हणाले, घेता येईल, राहत्या जागेचा पुरावा लागेल. पुराव्यासाठी माणूस जागेवर पाहणीला आला. नळापर्यंत आला, नदीचा फोटो काढला आणि गेला. तो फोटो वकिलांनी मला फोनवर दाखवला. पाणीच होतं. वर आकाश, कडेला देवस्थानचे माड, मध्ये पाणी. तो माणूस फोटो काढत होता त्या वेळी मी फाटकात उभी राहून "अहो, इकडे!" म्हणून गळा ताणून ओरडत होते.

"आता तिकाच इचारा," हरिश्चंद्रकाका म्हणाले. "ती व्हय म्हणाली तर व्हय."

मी हट्ट सोडला. गवंडी यायला तयार नव्हता, म्हणजे यायचा आणि परत जायचा. मी स्वतः पहारीने पश्चिमेची भिंत फोडली. चार दिवस लागले, हाताला फोड आले. तीन फूट मोजून वाट मोकळी केली, न्हाणी पाडली, ओट्याचा कोपरा पाडला. मग कागद घेऊन बसले. काशीबाईंना काय म्हणायचं तेच कळेना. आजी, बाई, श्रीमती. शेवटी लिहिलं: तुम्ही आहात. माझं चुकलं. वाट तुमची आहे. मला माझं घर आणि माझा माणूस परत द्या. रजिस्टर केलं, पोचपावतीसकट. पोस्टात दाजींनीच पाकीट घेतलं, पत्ता वाचला आणि मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला ते आले.

सायकल नळापाशी न थांबता थेट फाटकासमोर आली. मी धावले. फाटक उघडून उभी राहिले. त्यांच्या हातात पोचपावतीचं कार्ड होतं. त्यावर निळी सही होती. वेलांटी लांब ओढलेली. तिने पत्र घेतलं होतं.

"दाजी!" मी म्हटलं.

ते कार्डावरचा माझा पत्ता वाचत होते. मग त्यांनी मान वर करून पाण्याकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

मागून दत्ता आला. हातात मासळीची पिशवी. "काय रे दाजी, हय कित्याक थांबलंस?"

"ह्यां परत देवचा आसा. धाडणारीचो पत्तो हयचोच. पण घर खंय?"

दत्ताने चष्मा लावून कार्ड घेतलं. "सारिका दत्तप्रसाद," त्याने वाचलं. परत वाचलं. "दत्तप्रसाद तर मी."

मी फाटक ओलांडलं. त्याचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

त्याने पिशवी त्या हातातून या हातात घेतली.

मी त्याचं नाव घेतलं. कानाशी तोंड नेऊन घेतलं. त्याच्या शर्टाला आमच्याच साबणाचा वास येत होता.

तो माझ्या खांद्यावरून पश्चिमेकडे बघत होता. पडलेल्या भिंतीतून, मी मोकळ्या केलेल्या वाटेकडे. त्याने वडीलधाऱ्या बाईसमोर करतात तशी मान लववली आणि विचारलं, "काशीबाय, ही सारिका कोण गो?"

दोघंही मान हलवत ऐकत होते. मला माडाच्या झावळ्यांखेरीज काही ऐकू आलं नाही. बराच वेळ ते ऐकत होते.

"आसा काय? तिका पण नदीन खाल्ल्यान?" दत्ता शेवटी म्हणाला. "वायट झाला."

दाजींनी कानावरचं पेन काढून कार्डावर एक ओळ लिहिली आणि सायकल वळवली.